दादानं नेलेलं लुगडं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. बुऱ्हाणपुरात, बुधवाऱ्याच्या बाजारात आमचं साड्यांचं दुकान आहे, आणि समोर एक नवरीची आई बसली होती जिला कुठलाच हिरवा पसंत पडत नव्हता. एक फार गडद, एक फार पोपटी, एक "अशीच माझ्या जावेकडं आहे". मी मनातल्या मनात तिला चार शब्द सुनावत असताना फोन वाजला. मयूरीचा. मयूरी म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी, इंदूरला नोकरी करते. एरवी ती मला सणावारी फोन करते, तोही घाईत. मी उचलला तर म्हणाली, "आत्या, तू बगीचे में जा ना जल्दी. मम्मी अकेली आहे तिथं." मी विचारलं, काय झालं? तिनं फोन ठेवला होता. सकाळी केळीत पाणी बघायला गेलेला दादा शेडच्या सावलीला बसला होता, तो उठला नाही. वहिनी डबा घेऊन गेली तेव्हा तिला वाटलं, डोळा लागला असेल. मी उभी राहिले तशी ती नवरीची आई म्हणाली, "मग ही हिरवी बाजूला ठेवू का?" मी म्हटलं, ठेवा. तिचा काय दोष? तिच्या घरी लग्न होतं.

आम्ही दोघंच भावंडं. तापीकाठचं आमचं गाव, आईवडील लवकर गेले, त्यामुळं माझं माहेर म्हणजे दादा. नाव दिनकर, गावाला दिनूभाऊ, मला नुसता दादा. उंच होता पण दारातून आत येताना वाकायची इतकी सवय लागलेली की मोकळ्या मैदानातही वाकूनच चालायचा. बोलणं इतकं सावकाश की त्याचं वाक्य संपेपर्यंत माझी भाजी करपायची. भाऊबिजेला यायचा तो केळीचा अख्खा घड खांद्यावर घेऊन, जणू बुऱ्हाणपुरात केळं मिळतच नाही. "अरे, शेजारणींना वाटून वाटून माझे हात दुखतात," असं मी म्हणायचे. तो हसायचा आणि पुढच्या वर्षी त्याहून मोठा घड आणायचा. कुणाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. म्हणूनच तर तो निवडणुकीला उभा राहिला. एका उन्हाळ्यात वादळानं आमच्या पट्ट्यातली केळी आडवी केली, पंचनामे झाले, फोटो झाले, पुढारी येऊन गेले आणि पुढं काही झालं नाही. मग चार गावचे लोक दादाच्या ओट्यावर येऊन बसले. दर वेळी दुसऱ्याच्या दारात जायचं, यंदा आपलाच माणूस विधानसभेला पाठवू, आणि तो माणूस दिनूभाऊ. दादानं तीन-चारदा नाही म्हणायचा प्रयत्न केला. त्याचं नाही म्हणजे कसं, तोंडातल्या तोंडात, समोरच्याला चहा देत देत. त्याचा फॉर्म भरला गेला.

पक्षाचं तिकीट कोण देणार? अपक्ष. चिन्ह मिळालं कप-बशी. आता गंमत बघा, दादाला चहा सोसायचा नाही, लगेच छातीत जळजळ. आणि प्रचाराला जाऊ त्या घरी लोक कौतुकानं ठेवणीतली कप-बशी काढायचे, "भाऊ, तुमच्या निशाणीतूनच प्या!" तो केविलवाण्या नजरेनं माझ्याकडं बघायचा. बायकांमधला प्रचार माझ्याकडं होता, त्यामुळं मी कायम बरोबर, आणि माणसांची पाठ फिरली की त्याचा कप माझ्या पोटात. त्या महिन्यात मी जेवढा चहा प्याले तेवढा माझ्या सासरच्यांनी मिळून प्यायला नसेल. मयूरी तेव्हा कॉलेजात होती. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी मिळून फोनवरचा सगळा प्रचार उचलला. गाणं काय, व्हिडिओ काय, दादाचा वाकून नमस्कार करतानाचा फोटो काय. भाषण मात्र दादाला काही केल्या जमेना. हिंदीत बोलायला उभा राहिला की दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखा अवघडायचा. मग भाषण अर्ध्यात सोडून खाली उतरायचा आणि लोकांत जाऊन बसायचा. आणि खरं सांगते, तिथं तो जिंकायचा. कुणाच्या बांधावर, कुणाच्या गोठ्यात, मांडी घालून, आपल्या बोलीत. लोक त्याला आपलं दुखणं सांगायचे. मी घड्याळ बघायचे.

प्रचाराची वाट मी आखायचे आणि दादा मोडायचा. कारण एकच, दार. आमच्याकडं कुणी वारलं की त्या घरी भेटायला जातात त्याला दारावर जाणं म्हणतात. तिथं बोलायचं नसतं, नुसतं बसायचं. चहापाणी नाही, या-बसा नाही, निघताना "येतो" म्हणायचं नाही, मुकाट्यानं उठायचं. आणि तिथून दुसऱ्या कुणाच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, सरळ घरी जाऊन आंघोळ. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून प्रचारातले लोक अशा घरावरून गाडी जरा जोरात काढतात, भोंगा तेवढा बंद करतात. दादाची तऱ्हा उलटी. गावाच्या वेशीवर जीप थांबवून पहिला प्रश्न, "गावात कुठी दार आहे का?" असलं तर आधी तिथं. झालं, मग त्या गावातलं दुसरं एकही घर करता यायचं नाही. वाट बघत हार घेऊन उभी असलेली माणसं तशीच राहायची. एकदा मी चिडून म्हटलं, "अरे, आधी गाव फिरून घे, न् सगळ्यात शेवटी दारावर जा. तेही होईन न् हेही होईन."

"सुमे," तो म्हणाला, "ज्याच्या घरचं मानूस गेलं त्याच्या घरावरून भोंगा वाजवत जाऊ, न् परत येऊन रडक्या तोंडानं बसू? मले नाही जमत."

"मंग मतं बी नाही जमत," मी म्हटलं. त्यावर तो हसला आणि गाडीच्या मागच्या सीटवर डोळे मिटून पडून राहिला. असला उमेदवार मी पाहिला नाही. आणि तरीही वारं फिरत होतं. शेवटच्या आठवड्यात धूलकोटच्या बाजारात आम्ही गेलो तर माणसं आपणहून मागं चालत होती. मयूरीच्या मैत्रिणी नाचत होत्या. समोरचे उमेदवार वजनदार, त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांचे लोक आमच्या ओट्यावर चकरा मारून जाऊ लागले, दिनूभाऊ बसतात का, म्हणजे माघार घेतात का, ते बघायला. म्हणजे कळलंच, त्यांना भीती वाटत होती. मला तर रात्री झोप लागेना. माझा दादा आमदार होणार... मी मनात कोणती साडी नेसायची तेही ठरवून टाकलं होतं.

आणि त्याच दिवसांत आबांची आई वारली.

गोदाआत्या म्हणायचो आम्ही तिला, कारण ती आमच्या गावची लेक. आमचं तिचं नातं नाही, भाऊबंदकीही वेगळी, पण गावची लेक ती गावाची आत्या. तिचे दोन्ही भाऊ फार पूर्वीच घर विकून सुरतेकडं निघून गेले आणि तिकडंच संपले. त्यांची पोरं कुठं आहेत कुणाला ठाऊक नाही. माहेर म्हणून तिला काही उरलेलं नव्हतं. पण बाईचा ताठा असा की कधी बोलून दाखवलं नाही. गावात जत्रेला यायची, देवीला जायची, कुणाच्याही ओट्यावर बसायची आणि सुनांना सांगायची, माहेरी जाऊन आले. आता आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. भाऊ आणतो, भाऊ नसला तर भाचा. ते येईपर्यंत तिरडी उचलत नाहीत. कितीही मोठं घर असो, कपाटं साड्यांनी भरलेली असोत, ते लुगडं घरचं चालत नाही.

त्या सकाळी दादा दुकानात आला. आम्हाला असीरगढकडं सभेला निघायचं होतं, खाली जीप उभी होती, झेंडे लावलेली. तो चपला काढून गादीवर टेकला आणि म्हणाला, "सुमे, एक लुगडं दे."

"कोनाले?"

"गोदाआत्याले. कोनी आलं नाही म्हणतेत माहेराहून. तिरडी खोळंबली आहे."

मी म्हटलं, "दादा, शुद्धीवर आहेस ना? ती आबांची आई आहे. परवा मतदान."

"आबाची आई आहे न् आपल्या गावची लेक आहे. तिचं माहेर आता कोन? आपुनच."

मी चरफडतच कपाट उघडलं. विधवा बाई, म्हणून पांढऱ्यातलं काढलं, बारीक काठाचं. त्यानं हातात घेऊन बघितलं, परत दिलं, "याच्याहून चांगलं नाही का?" म्हणाला. माझ्या दुकानात जे सगळ्यात मऊ, सगळ्यात चांगलं पांढरं लुगडं होतं ते त्यानं नेलं. खाली जाऊन जीपचे झेंडे स्वतःच्या हातानं उतरवले, बिल्ला काढून खिशात टाकला आणि गेला. सभा मी आणि मयूरीनं सांभाळली. सांभाळली म्हणजे काय, उमेदवार कुठं आहे याचं उत्तर देत बसलो.

पुढचं मला नंतर कळलं, दादानं सांगितलं तेवढंच, दोन-चार वाक्यांत. अंगणात आबा उभे होते, आंघोळ घातलेली आई आत, आणि बायका दाराकडं डोळे लावून बसलेल्या. दादानं घडी केलेलं लुगडं दोन्ही हातांवर धरून आबांच्या पुढं केलं. आबांनी ते कपाळाला लावलं आणि दादाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मग दादा तिरडीमागून चालत गेला, चितेची राख होईपर्यंत बसला, नदीवर आंघोळ करून घरी आला. एवढंच झालं.

पण त्या अंगणात कुणीतरी फोटो काढला होता. संध्याकाळपर्यंत तो जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर होता. फोटोत तिरडी नाही, बायका नाहीत. दादा वाकलेला, त्याच्या हातांवर घडी घातलेलं पांढरं, काठाचं कापड, समोर आबा. खाली मजकूर असा की, दुःखाच्या प्रसंगी दिनूभाऊंनी मोठं मन दाखवलं, आबांना शाल अर्पण करून जाहीर पाठिंबा दिला. आमच्याकडं प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत हेच चालतं, एखादा अपक्ष शाल घालून दुसऱ्याच्या मागं उभा राहतो, यंत्रावर नाव राहतं आणि माणूस बसतो. लोकांनी अशा शाली शंभरदा पाहिलेल्या. त्यांना हे कापडही शालच दिसलं. आणि माहेरचं लुगडं दिनूभाऊनं का नेलं असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? तो गोदाआत्याचा ना भाऊ, ना भाचा. आबांनी हे करवलं असं मी म्हणत नाही, त्या दिवशी ते शुद्धीवर नव्हते. त्यांच्या माणसांनी केलं. पण आबांनी ते खोडलंही नाही.

मयूरी फोन हातात धरून उभी होती. ओट्यावर आमची माणसं जमलेली, कुणी दादाकडं बघायला तयार नाही. ती म्हणाली, "पप्पा, एक छोटासा व्हिडिओ. बस. सांगा ना की ती शाल नव्हती, लुगडं होतं. मैं अभी डाल देती हूँ, बात खतम." मीही म्हटलं, मी बोलते, माझ्या दुकानातलं लुगडं आहे, मी दाखवते तसंच दुसरं.

दादा म्हणाला, "न् काय सांगू? का आबाच्या आईले माहेराहून कोनीच आलं नाही? तिरडी खोळंबली, म्हणून मी गेलो? बाई जिती होती तवर कधी बोलली नाही का माझं माहेर उठलं. आता ती बोलू शकत नाही, तं मी चव्हाट्यावर सांगू? मतांसाठी?"

"पण पप्पा, लोग क्या बोल रहे हैं, मालूम है? सौदा झाला म्हणतायत!"

"म्हणू दे."

मी ओरडलेच. "अरे, तुझी अब्रू जाऊ राहिली दादा!"

"माझी जाईन," तो म्हणाला, तसाच सावकाश. "मी जिता आहे. मी पुन्हा कमावीन."

आणि आम्हा दोघींना त्यानं गळ्याची शपथ घातली. बोलायचं नाही. मयूरी उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. तिच्या मैत्रिणी तिला फोन करून विचारत होत्या, तुझ्या पप्पांनी आम्हाला असं का फसवलं, आणि ती पोर उत्तर देऊ शकत नव्हती. आत तिचं रडणं ऐकू येत होतं. मी तेव्हा दादाला जे जे बोलले ते इथं लिहीत नाही. ते मी त्याच्या तोंडावर बोलले आणि त्यानं ऐकून घेतलं. आमच्यात लपवाछपवी कधी नव्हती.

दादा हरला. हरायचं दुःख नव्हतं हो, हरतात माणसं. आबा निवडून आले, मिरवणूक आमच्या गावावरून गेली, गुलाल आमच्या ओट्यापर्यंत उडाला. पण नंतर जे सुरू झालं ते वाईट होतं. ज्या चार गावच्या लोकांनी त्याला उभं केलं होतं त्यांनी ओट्यावर येणं सोडलं. बाजारात कुणीतरी डोळा मारून विचारायचं, "मंग भाऊ, काय ठरलं होतं?" केळीच्या गाडीवरची माणसं तो आला की विषय बदलायची. एकानं तर लग्नाच्या पंगतीत, वाढपी बाजूला असताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, दिनूभाऊंना अजून एक जिलबी वाढा, त्यांना गोड पचतं. दादानं ती जिलबी खाल्ली. मी बायकांच्या पंगतीतून बघत होते. कुठल्याही माणसाला पंगतीत असं बसलेलं बघायची वेळ बहिणीवर येऊ नये.

मयूरी इंदूरला गेली ती जवळजवळ गेलीच. बापाशी बोलायची, औषध घेतलं का, पाऊस झाला का, पण त्यापलीकडं नाही. त्यालाही ते कळायचं. तिचा फोन येऊन गेला की तो उगाच अंगणात फेऱ्या मारायचा. मी एकदा म्हटलं, पोरीला तरी सोडव त्या शपथेतून. तर म्हणाला, तिला राग आहे तोवर ती माझीच आहे. काय बोलणार अशा माणसाला? चौकात जाणं त्यानं कमी केलं, सभा-समारंभ सोडले, पण दारावर जाणं सोडलं नाही. ज्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं त्यांच्या घरी कुणी गेलं तरी हा जायचा. तिथं बोलायचं नसतंच, त्यामुळं त्यांची आणि याचीही सोय व्हायची. कोपऱ्यात बसायचा, उठायचा, निघून यायचा. अब्रू पुन्हा कमावीन म्हणाला होता तो... वाट बघत होता का? मला वाटतं, बघत होता. एखाद्या दिवशी कुणी येईल, म्हणेल, भाऊ, आम्ही चुकलो. तसं कुणी आलं नाही आणि माझा दादा केळीच्या बागेत एकटा गेला.

त्याच्या दारावर मात्र माणसं आली. बरीच आली. तीच माणसं, पांढऱ्या टोप्या घालून, खाली मान घालून बसलेली. मी वहिनीजवळ आत होते, आणि खिडकीतून एकेक तोंड बघत होते आणि मनात प्रत्येकाचा हिशेब काढत होते. मयूरी भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे. तिसऱ्या दिवसानंतर आबा आले. गाड्या लांब उभ्या केल्या, एकटे चालत आले, एवढी रीत त्यांनी पाळली. सतरंजीवर सगळ्यांच्या मध्ये बसले. अंगण गच्च भरलेलं, चारही गावचे लोक. मला वाटलं, आता बोलतील. आता तरी. आमदार माणूस, एक वाक्य बोलले तर माझ्या भावाच्या कपाळावरचा डाग पुसला जाईल. बोलायचं नसतं हे मला काय माहीत नाही? तरी मी देवाला हात जोडले होते की याला बोलू दे. आबा बराच वेळ बसले, मग दादाच्या फोटोला नमस्कार करून उठले. मी मागच्या दारानं जाऊन फाटकाशी उभी राहिले. मला बघून ते थांबले. डोळे भरले होते त्यांचे, खोटं नाही सांगत. हळूच म्हणाले, "सुमनताई, आईचं ते लुगडं..."

मी म्हटलं, "आबा, इथं नका बोलू. तिथं माणसांत जाऊन बोला."

त्यांनी अंगणाकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. आणि गाडीत जाऊन बसले.

त्या दिवसापासून मी नीट झोपलेले नाही. राग कुणाचा करावा हेही कळेनासं झालंय. कधी आबांचा येतो, कधी लोकांचा, आणि कधी दादाचाच येतो, मग मी उठून देवघरात जाऊन बसते. भाऊ गेला म्हणजे बहिणीचं काय जातं हे मला साड्या विकता विकता माहीत व्हायला हवं होतं. माझ्या अंगावर शेवटचं लुगडं घालायला आता कोण येणार आहे? गोदाआत्याला निदान दादा होता.

हे सगळं लिहावं असं ठरवलं नव्हतं. शपथ होतीच. पण परवा आमच्या दुकानात काम करणाऱ्या सरूची सासू वारली आणि मला तिच्या गावी दारावर जावं लागलं. धूलकोटच्या वाटेला, रस्त्यापासून आत, लहानसं गाव. प्रचारात आम्ही तिथं गेलो होतो का, मला आठवत नाही, बहुतेक नव्हतो. दुपारची वेळ, ऊन रणरणतं. अंगणात सावलीला काहीतरी बांधलेलं होतं, मी वाकून खाली जाऊन बायकांत बसले. मान वर केली तर वर दादा. त्याचा तो नमस्काराचा फ्लेक्स, चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधून पसरलेला, तोंड खाली करून. उन्हानं रंग उडालेला, डोळे जवळजवळ गेलेले, पण वाकलेले खांदे आणि कप-बशी ओळखू येत होती. मला हुंदका आवरेना. बायकांना वाटलं, सरूच्या सासूसाठी. शेजारी एक म्हातारी होती, सरूची चुलत सासू. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, मग माझ्या नजरेच्या मागं वर बघितलं, आणि हळूच विचारलं, "तुमचा कोन होय का हा कप-बशीवाला?"

"भाऊ," मी म्हटलं. "गेला."

तिनं तोंडाला पदर लावला. मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, "गावात मयत झालं का आमी हाच बांधतो सावलीले. बायांनी जपून ठेवला आहे. आबाच्या मायले माहेरचं लुगडं यानंच नेलं होतं ना? माझी भैन होती तिथी, आंघोळ घालाले. सगळ्या बायांले माहीत होतं."

मला ऐकूनही समजेना. "कोन्या बायांले?"

"आमच्याच गावच्या नाही, आजूबाजूच्या बी. माणसं फोटो पाहू राहिले होते. सांगत होते घरात, तो तं बसला, त्याले मत देऊन काय फायदा. आमी हो म्हटलं. न् मशीनजवळ गेलो तं कप-बशीच दाबली. आमच्या घरात चार बाया, चारी जणींनी."

"मंग बोलल्या का नाही कोनी? त्याले सांगितलं का नाही?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी शहरात राहून सगळं विसरले आहे. "मेलेल्या बाईच्या माहेराचं असं बोलतेत का, बाई?"

मी उठले. येते म्हणायचं नसतं, म्हटलं नाही. रस्त्यापर्यंत चालत आले, एका बाभळीखाली उभी राहिले आणि मयूरीला फोन लावला. ती ऑफिसात होती, "बोल आत्या" म्हणाली, मागं माणसांचा आवाज. मी तिला सगळं सांगितलं, अडखळत, पुन्हा पुन्हा तेच, बायांना माहीत होतं गं, त्यांनी तुझ्या बापालाच मत दिलं होतं, गावोगावच्या बायांनी. मागचा आवाज कमी होत गेला, बहुतेक ती उठून बाहेर आली असावी.

"पप्पांना माहीत होतं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "नाही."